डिरेक्टरी सर्व्हरची परिभाषा

डिरेक्टरी सर्व्हर हा क्वचित लिहिला जाणारा आणि सतत वाचला जाणारा माहितीसाठा असतो. कर्मचारी रुजू झाला की त्याची नोंद एकदा होते. मेल सर्व्हर, व्हीपीएन आणि हजेरीची प्रणाली तीच नोंद पुढे दिवसभर वाचत राहतात. या व्यवस्थेतले बरेच शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांचे अर्थ नेमके असतात. ते अर्थ ढिले झाले की सुरक्षाही ढिली होते, म्हणून प्रशासकाच्या शिक्षणाची सुरुवात परिभाषेपासूनच व्हायला हवी.

या परिभाषेचे मूळ १९८८ च्या एक्स.५०० मानकात आहे. त्याचा डॅप हा प्रोटोकॉल त्या काळच्या छोट्या संगणकांना पेलणारा नव्हता. म्हणून १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हलके रूप मांडले, तेच एलडॅप. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९९७ ची आहे. मिशिगनच्या सर्व्हरमधूनच ओपनएलडॅप निघाला, आणि नेटस्केपमार्गे ३८९ डिरेक्टरी सर्व्हरही. ३८९ हा एलडॅपचा पोर्ट क्रमांक.

माहितीची रचना झाडासारखी असते. झाडावरची प्रत्येक वस्तू म्हणजे एक नोंद, नोंदीत गुणधर्म, आणि गुणधर्माला एक किंवा अनेक मूल्ये. नोंदीचा पूर्ण पत्ता म्हणजे डीएन. टपालाच्या पत्त्यावर आधी व्यक्ती, मग गाव, तालुका, जिल्हा येतो, तसाच डीएन पानाकडून मुळाकडे लिहितात. त्याचा पहिला तुकडा आरडीएन. त्यात माणसाचे नाव घालण्याचा मोह टाळावा. लग्नानंतर किंवा राजपत्रात नाव बदलले की पत्ता बदलतो आणि गटांच्या सदस्ययादीत जुना पत्ता तसाच पडून राहतो. संदर्भ आपोआप दुरुस्त करणारा प्लगइन असतो, पण तो चालू केलेला असावा लागतो. न बदलणारा कर्मचारी क्रमांक आरडीएनमध्ये ठेवणे केव्हाही चांगले.

कोणत्या नोंदीत काय असावे हे स्कीमा ठरवतो. नोंदीचा ऑब्जेक्ट क्लास काही गुणधर्म सक्तीचे करतो, काहींना मुभा देतो. ‘पर्सन’ या क्लासमध्ये सीएन म्हणजे पूर्ण नाव आणि एसएन म्हणजे आडनाव सक्तीचे आहे. एकच नाव लावणाऱ्या माणसाचे तेच नाव दोन्हीकडे भरावे लागते. देवनागरीची मात्र अडचण नाही. तिसरी आवृत्ती यूटीएफ-८ वापरते, आणि २००४ च्या एका मानकानुसार गुणधर्माला भाषेची खूण जोडता येते, म्हणजे इंग्रजी नावाशेजारी मराठी नाव वेगळे नांदू शकते. एलडिफ या मजकुरी स्वरूपात निर्यात करताना देवनागरी मूल्य बेस-६४ मध्ये जाते आणि त्याआधी एकाऐवजी दोन अपूर्णविराम येतात. ती अक्षरे पाहून माहिती बिघडली असे समजू नये.

सर्वांत जास्त घोटाळा ‘बाइंड’ या शब्दाचा होतो. बाइंड म्हणजे जोडणीवर आपली ओळख सिद्ध करणे. डीएन दिला पण पासवर्ड रिकामा सोडला, तर एलडॅपच्या नियमांनुसार ते अनामिक बाइंड ठरते आणि सर्व्हर ‘यशस्वी’ असे उत्तर देऊ शकतो. ते उत्तर पाहून एखादे अ‍ॅप्लिकेशन कोणालाही आत घेते. म्हणून रिकामा पासवर्ड अ‍ॅप्लिकेशननेच अडवावा आणि सर्व्हरवरही असे बाइंड बंद ठेवावे. साध्या बाइंडमध्ये पासवर्ड उघडा जातो. त्यामुळे जोडणी कूटबद्ध करण्यासाठी ३८९ वर स्टार्टटीएलएस किंवा ६३६ वर एलडॅप्स हवेच. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमधील डिरेक्टरी मॅनेजर या खात्याला प्रवेशनियम लागूच होत नाहीत. ते अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून ठेवणे अक्षम्य आहे.

शोधाला तीन गोष्टी लागतात: कोठून शोधायचे तो बेस, किती खोल जायचे तो स्कोप, आणि अट सांगणारा फिल्टर. फिल्टरमधल्या गुणधर्माला इंडेक्स नसेल तर सर्व्हर नोंदींमागून नोंदी चाळत बसतो. सर्व्हर मंदावल्याची तक्रार आली की नवे यंत्र मागण्याआधी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये इंडेक्सविना झालेले शोध पाहावेत.

एकाच माहितीच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणे म्हणजे रेप्लिकेशन. त्यात बदल पाठवणारा तो सप्लायर, नुसता घेणारा तो कंझ्युमर. बदल पोहोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे दोन सर्व्हर क्षणभर वेगळी उत्तरे देऊ शकतात. एकाहून जास्त सप्लायर असतील आणि एकाच मूल्यावर दोघांकडून बदल झाला, तर वेळेचा शिक्का पाहून नंतरचा बदल टिकतो. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असली पाहिजेत.

रेप्लिका आणि बॅकअप एकच समजणे ही मोठी चूक आहे. चुकून पुसलेली शाखा काही क्षणांत प्रत्येक रेप्लिकावरूनही पुसली जाते. म्हणून बॅकअपसाठी एलडिफची नियमित निर्यात वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते. प्रत्येक प्रशासकाने ती निर्यात वर्षातून एकदा तरी रिकाम्या यंत्रावर चढवावी, त्यावर बाइंड करावे आणि एक नोंद शोधून पाहावी.