लेन्स बंद

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच आहे. गावी आलोय, बिलोलीला. त्यामुळं मागं पंख्याचा आवाज येईल, मधूनच एखादा टेम्पो हॉर्न मारत जाईल. सांभाळून घ्या.

आज आमच्या ग्रुपचा किस्सा सांगायचाय. खरं तर माझी चूक सांगायचीय, पण किस्सा म्हणलं की तुम्ही शेवटपर्यंत ऐकता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही शाळेतल्या सात जणांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. खेळ साधा होता. रोज रात्री नऊ वाजता एकानं सिनेमातला एक फोटो टाकायचा, बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. पुढं २०२२ मध्ये 'फ्रेम्ड' नावाचा असाच खेळ इंटरनेटवर आला, रोज एक सिनेमा आणि सहा फ्रेम. तेव्हा आम्ही कॉलर ताठ केली, की हे आम्ही दोन वर्षांपासून करतोय. आमचे नियम मात्र कडक. हिरो-हिरोईनचा चेहरा दिसायला नको. आणि लेन्स बंद, म्हणजे फोनवर फोटो शोधायचा नाही. आईची शपथ वगैरे घेऊन झालेली.

आता आमचं गाव असं, की मांजरा ओलांडली की तेलंगणा, पुढं बोधन. त्यामुळं आम्ही मराठी, हिंदी आणि तेलुगू असे तिन्ही पिच्चर बघत मोठे झालो. आणि तिथंच मजा यायची. २००६ चा 'पोकिरी' महेश बाबूचा, २००९ चा 'वॉन्टेड' सलमानचा. गोष्ट एकच. चेहरा कापला तर ओळखणार कसं? गाडीची नंबर प्लेट बघायची. एपी दिसलं की हैदराबाद, एमएच दिसलं की मुंबई. प्लेट नसेल तर मागच्या दुकानाची पाटी. 'सैराट'मधला विहिरीचा फोटो टाकला तर दहा सेकंदांत सहा उत्तरं यायची. म्हणून एकानं त्याच सिनेमातल्या हैदराबादच्या खोलीचा कोपरा टाकला. सगळे गप्प. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मित्रानं बरोबर ओळखलं, कारण तो स्वतः तसल्याच खोलीत राहत होता.

पण या सगळ्यात बाप एकच. त्याला आम्ही 'ऑपरेटर' म्हणतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, नांदेडच्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे. याचं बारावीनंतर शिक्षण थांबलं. आता बसस्टँडजवळ मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. एकदा एक काळा-पांढरा फोटो आला, त्यात फक्त एका माणसाचे पाठमोरे खांदे. आम्ही एवढंच ताडलं की हे डॉ. लागू आहेत. एक म्हणला 'पिंजरा', कारण त्यात लागू मास्तर आहेत. ऑपरेटर म्हणला, "'पिंजरा' रंगीत हाय लेका." मग 'सामना' की 'सिंहासन'? दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची, दोन्हीत लागू आणि निळू फुले. रात्री साडेबारापर्यंत भांडण चाललं. शेवटी ऑपरेटरनं फोटोच्या कडेला असलेली मातीची भिंत दाखवली. 'सिंहासन' मुंबईतला आणि 'सामना' गावातला. विषय संपला. पण त्या तीन तासांत कुणाच्या आजोबांना निळू फुले आवडत नव्हते, कुणाच्या मामांचा साखर कारखान्याशी काय वाद झाला, सगळं बोलून झालं. उत्तर जेवढं उशिरा सापडायचं तेवढ्या गप्पा लांबायच्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मला जिंकायचं होतं. बी.टेक. झालेला माणूस रोज मोबाइल रिपेअरवाल्याकडून हरतोय, हे कुठंतरी खुपत होतं. आज बोलतोय म्हणून खरं सांगतो, असंच मनात होतं. चांगलं नव्हतं ते.

तर मी एक स्क्रिप्ट लिहिली. लेन्स बंद होती ना, मग मी स्वतःचं यंत्र बनवलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. अडीच तासांचा पिच्चर म्हणजे २,१६,००० फ्रेम. एवढ्या कशाला पाहिजेत? मी सेकंदाला एकच घेतली, म्हणजे एका सिनेमाच्या ९,०००. प्रत्येक फ्रेम बारीक करून ८ बाय ८ चौकोनांची करायची आणि रंग काढून टाकायचे. जो चौकोन सरासरीपेक्षा उजळ त्याला १, जो अंधारा त्याला ०. झाली ६४ आकड्यांची ओळख. ग्रुपवर फोटो आला की त्याचीही तशीच ओळख काढायची आणि सगळ्यांत जवळची फ्रेम शोधायची. फोटो काळा-पांढरा केला तरी फारसं बिघडत नाही. जास्त कापलेला असला की चुकायचं, मग मी तुकड्या-तुकड्यानं जुळवायला लागलो. हार्ड डिस्कवर तीनशेच्या आसपास सिनेमे होते. कुठून आले ते विचारू नका.

सलग अकरा दिवस जिंकलो. नऊ वाजता फोटो, नऊ वाजून एका मिनिटाला माझं उत्तर. पहिले तीन दिवस लोकांनी टाळ्या टाकल्या. नंतर टाळ्या पण बंद. बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं ना. बाराव्या दिवशी ऑपरेटरची पाळी होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, फोटो आला नाही. तेराव्या दिवशी दुसऱ्यानं टाकला, त्यावर ऑपरेटर काही बोलला नाही. मग हळूहळू ग्रुपवर फक्त 'हॅपी बड्डे' राहिलं. चार महिने.

दिवाळीला गावी आलो. दुकानात गेलो तर हा मान खाली घालून एका फोनची स्क्रीन काढायलाय. चहा सांगितला त्यानं, पण बोलायला तयार नाही. काका तिथंच बसले होते. त्यांनीच विषय काढला. "तुमचा फोटूचा खेळ बंद पडला मनं?" आणि घरून एक पत्र्याची पेटी मागवली.

पेटीत टॉकीजबाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये लावायचे ते फोटो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे बघितलेलं नसेल. पिच्चर लागला की दहा-बारा फोटो बाहेर काचेत लावायचे, पब्लिक ते बघून आत जायचं की नाही ते ठरवायचं. रिळांच्या डब्यांबरोबर फोटोंचा सेट यायचा आणि पुढच्या गावाला जायचा. त्यातले फाटके, कोपरा गेलेले फोटो काकांनी ठेवून घेतलेले. काका म्हणले, पोरं तिकिटाला पैसे नसले की नुसती शोकेसपाशी उभी राहून अख्खी स्टोरी बनवायची.

मी काय करावं? गुपचूप फोनवर चार फोटो काढले आणि लॅपटॉपवर स्क्रिप्टला दिले. एक 'पिंजरा'चा होता, मागं नावच लिहिलेलं. 'पिंजरा' माझ्या डिस्कवर होता. स्क्रिप्टला सापडला नाही! दुसरा दिला. तोही नाही.

काका हसले. म्हणले, "आरं बाबा, ह्यो फोटू पिच्चरमदी हायेच कुठं?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. शोकेसमधला फोटो म्हणजे रिळातली फ्रेम नसते. सेटवर वेगळा स्टिल फोटोग्राफर असायचा. शॉट झाला की नटांना परत उभं करायचा, उजेड बघायचा आणि आपल्या कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा. दामोदर कामत यांनी १९४५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कामत फोटो फ्लॅशचं नाव या कामात मोठं आहे. म्हणजे फोटो त्याच सिनेमाचा, तीच माणसं, तेच कपडे, पण तो क्षण सिनेमात नाहीच. माझ्या ९,००० फ्रेम काय, सगळ्या २,१६,००० घेतल्या असत्या तरी तो फोटो सापडला नसता.

आणि उलटंही असतं बघा. 'आलम आरा', आपल्याकडचा पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यात आपले मास्टर विठ्ठल हिरो. आज त्याची एकही प्रत नाही, शिल्लक आहेत ते फोटो. तिथं फ्रेम नाही, फक्त स्टिल.

बरं, मुद्द्यावर येतो. लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालू होती आणि ऑपरेटर मागं उभा राहून बघत होता. त्याला कोडिंग कळत नाही, पण काय चाललंय ते लगेच कळलं. मी म्हणलं, "हो. ते अकरा दिवस ह्यानंच जिंकलो."

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणला, "मला वाटलंच होतं. तुमी समदे शिकून गेलात. ग्रुपवर तेवढा मी पुढं होतो."

मला काही बोलता आलं नाही. सॉरी म्हणलो, पण ते फार हलकं वाटलं. तो परत फोनच्या स्क्रीनला लागला. मी चहाचे पैसे द्यायला गेलो तर चहावाला म्हणला, दिले त्यानं.

त्या रात्री नऊ वाजता ग्रुपवर फोटो आला. काकांच्या पेटीतला. खाली ऑपरेटरनं लिहिलेलं, "आता इचार तुझ्या मशीनला."

सांगतो फोटोत काय आहे. काळा-पांढरा. डावा कोपरा फाटलेला. एक बाई हातात कंदील घेऊन दारात उभी, डोक्यावर पदर. अंगणात बैलगाडी, बैल सोडलेले. एक माणूस आपल्याकडं पाठ करून उभा, टोपी तिरपी, डाव्या हातात पत्र्याची ट्रंक. भिंतीवर काहीतरी रंगवलंय, त्यातलं शेवटचं अक्षर 'डी' वाटतं. मागं नाव नाही. काकांना पण आठवत नाही. ग्रुपवर आतापर्यंत १४ नावं आली आणि १४ चुकली, दुबईवाला तर परवा रात्री दोन वाजता उठून भांडायलाय.

ऑपरेटरनं परवानगी दिली म्हणून फोटो आपल्या पेजवर टाकतोय. नावं पाठवा. लेन्स बंद.