डावा कोपरा

आज बोलायचंय कबड्डीवर, पण चढाईवर नाही, बचावावर.

मी मूळचा श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावरचा. आमच्याकडे मुलगा चालायला लागला की कबड्डीच्या मैदानात जातोच. बीटेकला लोणेरेला आलो 2015 मध्ये आणि कॉलेजच्या संघात डावा कोपरा सांभाळू लागलो. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे, त्यामुळे त्यांची धाव जास्त करून आपल्याच बाजूला येते. 30 सेकंद तो समोर नाचतो आणि आपण वाकून फक्त त्याचे पाय बघायचे.

माझा आदर्श होता गिरीश इरनाक. कल्याणचा, डावा कोपराच. घोटा असा धरायचा की समोरचा जागेवर बसायचा. हॉस्टेलच्या टीव्हीवर त्याची पकड तीन-तीनदा दाखवायचे. मी तेवढीच बघायचो. त्याआधीचे वीस सेकंद तो काहीही न करता थांबलेला असायचा, ते माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

2018 ची सुरुवात. जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 हरवून 11 वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं, गिरीश त्या संघात होता. आम्ही सगळे हवेत. पुढच्याच महिन्यात आमची आंतरमहाविद्यालयीन फायनल. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने पुढे. समोरच्यांची ही तिसरी चढाई, म्हणजे तो रिकामा परतला तर तोच बाद. मैदानात आम्ही पाच जण, त्यामुळे बोनसचाही प्रश्न नाही. फक्त मागे उभं राहायचं होतं.

पण खरं सांगतो, त्या सामन्यात माझ्या नावावर एकही पकड नव्हती. टाळ्या सगळ्या चढाईवाल्यांना. पाच-सहा सेकंद उरले असताना मी घोट्यावर झेप घेतली. साखळीतला जोडीदार माझ्यामागे आला आणि त्या पोराने आम्हा दोघांना ओढत मध्यरेषेला हात टेकवला. दोन गुण. एका गुणाने हरलो.

कोणी शिव्या घातल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी खेळणं सोडलं. शूज मित्राला देऊन टाकले.

ऑगस्टमध्ये जकार्ताला एशियाड. 1990 पासून कबड्डीचं पुरुषांचं सुवर्ण आपलंच होतं. उपांत्य फेरीत इराणने 27-18 असं हरवलं. गिरीश त्याही संघात होता. मला वाटलं, आता हा माणूस मान वर कशी करणार? ऑक्टोबरमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तर हाच पुणेरी पलटणचा कर्णधार. तसाच डाव्या कोपऱ्यात वाकून उभा. त्या मोसमात मी पहिल्यांदा ते वीस सेकंद नीट बघितले.

मित्राकडून शूज परत मागितले. शेवटच्या वर्षी आम्ही फायनलपर्यंत पोचलोच नाही, उपांत्य सामन्यात गेलो. त्या सामन्यात माझ्या दोनच पकडी, त्यातली एक अव्वल पकड. पण बाबा पहिल्यांदा बघायला आले होते. मासेमारीचा दिवस मोडून, एसटी बदलत. बाहेर चहा पिताना म्हणाले, "हरलात ते हरलात. पण तुझ्या बाजूनं कोण जात नव्हता रे. मी मोजत होतो."

गुणफलकावर रिकाम्या चढाईचा आकडा नसतो. बाबांनी तो मोजला होता. अकरा.

आता पुण्यात नोकरी करतो. रात्री सर्व्हर सांभाळायची पाळी असते. काही बिघडलं नाही तर सकाळी कोणी फोन करत नाही. नवीन पोरं विचारतात, दादा, कंटाळा नाही येत का? येतो की. तेव्हा त्यांना त्या फायनलची गोष्ट सांगतो, झेप घेतलेल्या पायाचा जुना व्रण दाखवून.

तुमच्या गावच्या संघात डावा कोपरा कोण होता, नक्की कळवा. चढाईवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. भेटू पुढच्या भागात.