कोंबड्याच्या अंगचे गुण

न्याहारीच्या ताटलींत अंडें येतें, तेव्हां तें घालणाऱ्या कोंबडीची आठवण क्वचितच होते. तिच्या बापाची तर मुळींच होत नाहीं. परंतु अधिक अंडीं घालण्याचा गुण मुलीस आईप्रमाणेंच बापाकडूनहि मिळतो. अडचण अशी कीं, कोंबडा स्वतः अंडें घालीत नाहीं. त्याचा गुण पारखावयाचा तर त्याच्या मुली वयांत येऊन अंड्यांचा हिशेब हातीं येईपर्यंत थांबावें लागतें; नाहीं तर त्याच्या बहिणींच्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. पण सख्ख्या दोन भावांत गुणी कोणता, हें बहिणींची नोंद कसें सांगणार?

या कोड्याचें उत्तर पक्ष्याच्या रक्तांतच लिहिलेलें आहे. १९०२ सालीं विल्यम बेटसन यांनीं कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांसहि लागू पडतात, असें दाखविलें. २००४ सालीं रानकोंबडीची जनुकसंहिता वाचली गेली. ती सुमारें १०० कोटी अक्षरांची आहे. पाळीव जातींशीं ती ताडून पाहतां सुमारें २८ लाख ठिकाणीं अक्षरभेद आढळले. हेच भेद गुण ओळखण्याच्या खुणा म्हणून उपयोगीं पडतात.

ठराविक खुणा वाचणारी चिप मिळते. परंतु ती बहुधा व्यापारी जातींवरून बेतलेली असते. झाबुआच्या कडकनाथासारख्या देशी जातीचें वैशिष्ट्य तिच्या नजरेंतून निसटूं शकतें. शिवाय परीक्षेचा खर्च पक्ष्याच्या किमतीहून जड झाला, तर लहान पैदासकारानें ती करावी कशी?

येथें शितावरून भाताची परीक्षा करणारी युक्ति कामास येते. २०११ सालीं ती मका व जव या पिकांवर वापरून दाखविण्यांत आली. पुढें कोंबड्यांसहि लावली गेली. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतें, म्हणून रक्ताचा एक थेंब पुरतो. त्यांतील डी.एन.ए. विकराच्या साहाय्यानें ठराविक जागीं कापतात. सोईच्या लांबीचे तुकडे तेवढे वाचतात, बाकीचे सोडून देतात. प्रत्येक पक्ष्याच्या तुकड्यांस निराळी रासायनिक चिठ्ठी जोडलेली असल्यामुळें अनेकांचे नमुने एकत्र मिसळून यंत्राच्या एकाच फेरींत वाचतां येतात, व खर्च वांटला जातो. जीर्ण पोथींतील पुसलेलीं अक्षरें दुसऱ्या प्रतीवरून भरावीं, तशीं न वाचलेलीं अक्षरें आईबापांच्या संहितेवरून गणितानें भरून काढतात.

मात्र खूण म्हणजे गुण नव्हे. कोणत्या खुणेबरोबर किती अंडीं येतात, हें कोंबड्यांच्या रोजच्या नोंदींवरूनच ठरतें. एका जातीचा हिशेब दुसरीस जसाच्या तसा लावला, तर फसगत होते. केवळ अंड्यांच्या मागें लागून थोड्याच कोंबड्यांची संतति वाढविली, तर रक्ताचें नातें जवळ येऊन पिलें दुबळीं निपजतात. तो धोकाहि याच खुणा वेळींच दाखवितात. म्हणून पैदासकारानें यंत्राच्या आधीं वहीची सोय करावी. वही खरी असेल, तर कोणता कोंबडा राखावा हें तो पिलूं असतांनाच ठरवितां येईल, आणि देशी जातीची सुधारणा करतांना ती जातच गमावण्याची पाळी येणार नाहीं.