खारातले जीव



“संगणकवालीने जिवाणूंवर काय बोलायचं?” असं परवा आपल्यातल्याच एकीने फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. या विषयाशी माझी खरी ओळख झाली ती माझ्याच एका चुकीमुळे. तीच आज सांगते.

आपल्याकडे कैऱ्या खारात घालतात. मीठ पुरेसं असलं की वर्षभर बिघडत नाहीत, कारण मीठ जंतूंच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं. पण खारवलेल्या मासळीवर कधीकधी गुलाबी डाग पडतात. म्हणजे मिठातही सुखाने नांदणारे जीव आहेत. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेही अशाच जीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं.

आता इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावात चला. सुती कापड रंगवताना रंग पाण्यातून धाग्यावर चढावा म्हणून मीठ घालतात. गडद रंगाला लिटरमागे ५०-६० ग्रॅमसुद्धा. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे रंगाचं पाणी भाट्याच्या समुद्राहून खारट! सगळा रंग काही धाग्याला धरत नाही. उरलेला मिठासकट सांडपाण्यात जातो, आणि शुद्धीकरणाच्या टाकीतले नेहमीचे जिवाणू तिथे मान टाकतात. म्हणून खार सोसणारे जिवाणू हवेत. ते पेशीच्या आत काही खास पदार्थ साठवून बाहेरच्या मिठाशी तोल राखतात. कापडाच्या रंगांचं जिवाणूंकडून विघटन करून घेण्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाने बरीच वर्षं काम केलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका रंगाई कारखान्यात अशा जिवाणूंचा प्रयोग चालू होता. त्या सांडपाणी प्रकल्पाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं. टाकीत रंग मोजणारं यंत्र होतं. रंग ठरावीक पातळीखाली उतरला की पडद्यावर हिरवा दिवा लागेल, असं मी लिहिलं. दिवा लागला, सगळे खूश. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी मात्र विचारलं, “मॅडम, हा दिवा कशाचा?”

“पाणी स्वच्छ झाल्याचा.”

“नाही. रंग गेल्याचा.”

मग त्यांनी समजावलं. यातल्या पुष्कळ रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंची एक जोडी असते. प्राणवायू कमी असलेल्या टाकीत जिवाणू ती जोडी तोडतात आणि रंग नाहीसा होतो. पण तुटलेल्या तुकड्यांतून अमाईन नावाची संयुगं बनतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यातली काही मूळ रंगाहून घातक असतात. ती संपवायला दुसऱ्या टाकीत हवा सोडून पुढचे जिवाणू कामाला लावावे लागतात. मीठ तर त्यानंतरही पाण्यातच राहतं. ते काढायची सोय वेगळी.

आम्ही सॉफ्टवेअर बदललं. पडद्यावर आता नुसतं “रंग उतरला” एवढंच येतं. पाणी सोडायची परवानगी प्रयोगशाळेचा अहवाल भरल्याशिवाय मिळत नाही. पण त्याआधी किती दिवस तो दिवा उगाच हिरवा राहिला, हे अजून टोचतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्या बाई विचारायच्या, “तुला दिसलं काय, आणि त्यावरून कळलं काय?” तेव्हा मला दोन्ही प्रश्न एकच वाटायचे. पदवी घेऊन, इतकी वर्षं नोकरी करूनही तो फरक मी विसरले होते. बाई, आज समोर बसला आहात म्हणून कबूल करते.

आपल्यातले काहीजण लोट्याच्या कारखान्यांत आहेत, काहींची घरं दाभोळ खाडीच्या काठी आहेत. तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं सांडपाण्याच्या तक्रारी करत आले आहेत. दोघांनाही माझी एकच विनंती आहे: पाणी निवळ दिसतं एवढ्यावर थांबू नका. अहवाल मागा, आणि मागणाऱ्याला दाखवा.