दाढ दुखायच्या आधी दवाखाना दाखवूया

उमेळ्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

मागच्या बैठकीला आमची एक ताई रडवेली होऊन आली. सात वर्षांच्या मुलाचा गाल सुजलेला आणि तो दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीतून पळून आलेला. ती म्हणाली, "मीच रोज सांगायचे, चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर सुई टोचतील." आम्ही सगळ्याच गप्प झालो. हे वाक्य आमच्याही घरात आहे.

एकीने विचारलं, "तो व्हीआरचा चष्मा असतो ना, त्याने भीती जाते म्हणे?" काही दंतवैद्य तो वापरतात. डब्यासारखा जाड चष्मा, आत चित्र. मान वळवली की चित्रही वळतं. मुलाला वाटतं, आपण समुद्रात माशांमध्येच आहोत. कानावर आवाज असतो, त्यामुळे मशीनची घरघर कमी ऐकू येते. लक्ष तिकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी हा उपाय वापरायला सुरुवात झाली. पुढे आपल्या देशातही मुलांच्या दातांवर उपचार करताना तो वापरून पाहिला गेला.

पण चष्मा म्हणजे भूल नव्हे. दाढ काढायची तर भूल द्यावीच लागते. शिवाय डोळे झाकले की काही मुलं जास्तच घाबरतात. म्हणून आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. दंतवैद्यांची ही रीत १९५९पासून माहीत आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आमच्या ताईने दुसऱ्याच दिवशी मुलाला पुन्हा नेलं. तिथे चष्मा नव्हता. डॉक्टरांनी आरसा घेऊन आधी आईचे दात मोजले, मग त्याचे. "दुखलं तर हात वर कर, मी थांबेन," म्हणाले. त्याने दोनदा हात वर केला, ते दोनदा थांबले. उपचार झाला.

मैत्रिणींनो, एवढं करूया. डॉक्टरांचा धाक घालायचा नाही. "काही दुखणार नाही" असं खोटंही सांगायचं नाही. "थोडं टोचेल, मी जवळच आहे," म्हणायचं. पहिली फेरी दुखत नसतानाच करायची. गाल सुजला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी न्यायचं.

"दुधाचे दात पडणारच," म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ तर कायमची असते, ती पडून पुन्हा येत नाही.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा दात आवर्जून दाखवा. मोठा उपचार लागला, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नायगावहून लोकलने जाता येतं.

आज रात्री मुलांसोबत आरशासमोर उभ्या राहा आणि एकमेकांचे दात मोजा. सुरुवात तिथूनच होते.