फाटकाला दिंडी असावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मला धडकीच भरली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इथे उभे राहून बोलण्यापेक्षा पन्नास पानांचा स्वयंपाक मला सोपा वाटतो. परंतु एक गोष्ट गेल्या संक्रांतीपासून मनात सलते आहे, ती आज बोलून टाकते. विषय आहे आपल्या कॉलनीचे फाटक.

प्रथम कबुली देते. हे फाटक व्हावे म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडले ती मीच. २०२० च्या टाळेबंदीत आपण रस्त्याच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले होते. टाळेबंदी उठली, बांबू सुटले. पुढे एका संध्याकाळी दूध घेऊन येत असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी माझे मंगळसूत्र ओढून नेले. मानेवरचा वळ आठ दिवसांत गेला, भीती काही गेली नाही. नंतरच्या सभेत मी रडत रडत म्हणाले, "फाटक घाला, वॉचमन ठेवा." सभेला एक जागेचे दलालही बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, फाटक झाले की घराचा भावसुद्धा चढतो." मग काय, ठराव एकमताने मंजूर!

फाटकाचा उपयोग झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. मुलगी रात्री क्लासहून येते तेव्हा वॉचमन जागा असतो, जिवाला बरे वाटते. भरधाव गाड्या थांबल्या, मुले रस्त्यावर खेळू लागली. सगळीच भीती फाटकाने थांबते असे मात्र नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या शिरला, तो काही वहीत नाव लिहून आला नव्हता!

आता सलते ते सांगते. मागच्या आळीतल्या आपल्या एक मावशी मंडळ निघाले तेव्हापासूनच्या सभासद. माझे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांनी दहा दिवस आमच्या घरी डबा पोचवला. त्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला निघाल्या. फाटकावर नवा वॉचमन. "कोणाकडे जायचे? वहीत नाव लिहा, सही करा." मावशींना लिहिता येत नाही. मागे गाड्या खोळंबलेल्या, हॉर्न वाजताहेत. मावशी तिळगुळाची पुडी तशीच हातात घेऊन परत गेल्या. मला कळले दोन दिवसांनी. मी धावत त्यांच्या घरी गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुझ्याकडे यायला माझी ना नाही ग. पण वहीत अंगठा उठवून हळदीकुंकवाला यायचे, म्हणजे कामावर आल्यासारखे वाटते."

वॉचमनचा यात दोष नाही. वही त्याच्या हाती आपणच दिली. घरी आल्यावर मी मंडळाची यादी काढली. ४१ सभासदांपैकी १७ जणी फाटकाबाहेरच्या. यंदाच्या भोंडल्याला त्यांतल्या तिघीच आल्या. बाकीच्यांना आपण "येऊ नका" म्हटले नाही. फाटकाने ते आपल्या वतीने म्हटले.

आता भावाचे पाहू. भाव चढत असेलही, मी नाही म्हणत नाही. दलाल गिऱ्हाइकाला आधी फाटक दाखवतो, मग घर. पण तो चढलेला भाव आपल्या हाती पडतो केव्हा? घर विकून निघून जाऊ तेव्हा. जी इथेच राहणार, इथेच मुलांची लग्ने करणार, तिच्या हाती काय? दरमहा वॉचमनची वर्गणी. मखमलाबादहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली आता फाटकाशीच थांबते आणि उन्हे चढली की निघून जाते. मग आपण फोनवरून महाग मेथी मागवतो. मागच्या आळीत तर तेच दलाल गिऱ्हाइकाला सांगतात, "पुढून रस्ता बंद आहे." म्हणजे आपला भाव चढला तो त्यांचा उतरवून. ही कसली कमाई?

माझा पुतण्या वकिली शिकतो. त्याने मला महापालिकांचा १९४९ चा कायदा वाचून दाखवला. सार्वजनिक रस्ते हे महापालिकेच्या मालकीचे. आपल्या कॉलनीचा रस्ता तिच्याकडे केव्हाच वर्ग झाला. डांबर तिचे, दिवे तिचे, आणि कुलूप तेवढे आपले!

त्यानेच अमेरिकेची एक हकीकत सांगितली. तिथे अशा फाटकबंद वसाहती पुष्कळ. २०१२ साली फ्लोरिडा राज्यातल्या सॅनफर्ड गावी अशाच एका वसाहतीत १७ वर्षांचा एक मुलगा पाहुणा म्हणून आला होता. दुकानातून खाऊचे पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन तो परतत होता. गस्त घालणाऱ्या तिथल्याच एका रहिवाशाला त्याचा संशय आला, आणि त्याच्या गोळीने मुलगा मेला. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. फाटक होते, पहारा होता, तरी घरी आलेला पाहुणा जिवानिशी गेला. ओळख नसली की पाहुणाही चोर दिसतो.

आपल्या नाशिकला दरवाजे काही नवे नाहीत. त्र्यंबक दरवाजा, दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. माझे माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यातले. वाड्याचा दरवाजा असा भक्कम की दोघांनी लोटावा लागे. दिवेलागणीनंतर तो बंद होई. पण त्याच दरवाजात एक लहानशी दिंडी असे. वाकून आत यायचे. कडी वाजली की आतून आजी विचारी, "कोण ग?" आणि आवाजावरून माणूस ओळखी. वही नव्हती, ओळख होती. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, पाणी सराफ बाजारात शिरले, त्या रात्री खालच्या बाजूची चार बिऱ्हाडे त्याच दिंडीतून आमच्या वाड्यात आली. कोणाकडे आलात, असे कोणी विचारले नाही.

म्हणून भगिनींनो, फाटक पाडा असे मी म्हणत नाही. माझी भीती अजून गेलेली नाही. माझे मागणे एवढेच. दिवसा फाटकाला कुलूप नको, पायी येणाऱ्याला वही नको. रात्री मोठे फाटक लोटावे, पण बाजूचे लहान दार उघडे राहावे आणि तिथे वॉचमन बसावा. मंडळाच्या १७ जणींची नि वॉचमनची ओळख आपण स्वतः करून द्यावी. आणि यंदाचे हळदीकुंकू मागच्या आळीत करावे, आपण सगळ्यांनी तिकडे जावे.

मी मावशींना आधीच सांगून ठेवले आहे. त्या हसून म्हणाल्या, "या की. आमच्याकडे वही नाही."