उष्णतेची लाट आणि शासनाचे तीन स्तर



मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने कहर केला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले, असे पुढे एका अभ्यासात आढळून आले. या अनुभवातूनच 2013 साली महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. हवामानाचा अंदाज, इस्पितळांची सज्जता, पाणपोया अशी साखळी जुळली.

परंतु पूर्वसूचना म्हणजे संरक्षण नव्हे. हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने 2008 साली जाहीर केला. पुढे राज्यांनीही आपापले आराखडे रचले. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, मात्र त्यांना अधिकार व निधी किती द्यावा हे राज्यांवर सोपविले. परिणामी जबाबदारी खाली उतरते, तिजोरीच्या किल्ल्या वरच राहतात.

बांधकाम मजुराला दुपारी सावलीत बसण्याचा सल्ला देणे सोपे आहे. पण त्या तासांची मजुरी कोण देणार? कामगार कल्याण हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र व राज्य दोघांनाही हात झटकता येणार नाहीत. म्हणूनच मजुरीसह विश्रांतीची तरतूद प्रत्येक आराखड्यात व्हावी, यासाठी कामगार संघटनांनी लढा उभारला पाहिजे. त्याखेरीज ‘समन्वय’ हा शब्द पोकळच राहील.